मदरबोर्ड गेला, हिशेब नाही गेला: सात हजारांच्या आत ऑफिसचा कॉम्प्युटर कसा उभा केला



आधी महत्त्वाचं सांगतो. सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर परत सुरू झाला आहे. शेअर, कर्ज, बर्फ, डिझेल, यातला कुणाचाही एक आकडा गेलेला नाही.

जुलैच्या मध्यावर मशीन बंद पडलं आणि दोन दिवसांत जेटीवर बातमी पसरली की सोसायटीचा हिशेब बुडाला. कर्जाचे हप्ते वेळेवर भरलेली माणसं पावत्या शोधत ऑफिसात आली. "आम्ही भरलेलं आता मानणार कोण?" हा त्यांचा प्रश्न. त्यांची भीती समजण्यासारखी होती. ३१ जुलैला बंदी संपणार, त्याआधी प्रत्येकाची बाकी काढायची, डिझेलवरच्या व्हॅटच्या परताव्याचे कागद लावायचे, आणि हातात जेमतेम पंधरा दिवस. म्हणून काय झालं, काय केलं आणि पैसे कुठे गेले ते इथे सगळं मांडतो. आज बऱ्याच घरांत मुलांसाठी नाहीतर धंद्यासाठी जुना कॉम्प्युटर आहे, तिथेही हे कामाला येईल.

हिशेब असतो कुठे?

मदरबोर्ड म्हणजे डब्यातली मोठी पाटी. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, सगळं तिला जोडलेलं असतं. ती मेली की स्क्रीन काळी. पण हिशेब असतो हार्ड डिस्कवर. इंजिन बंद पडलं म्हणून खणातली मासळी कुणी समुद्रात टाकत नाही, तसंच हे. आम्ही पहिल्या दिवशी दुरुस्तीला हात लावलाच नाही. हार्ड डिस्क काढली, यूएसबीच्या वायरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि सगळ्या फाइल दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. एक प्रत ऑफिसात, एक ऑफिसाबाहेर.

एक लक्षात ठेवा. नव्या मशीनवर डिस्कला कुलूप असू शकतं, त्याला बिटलॉकर म्हणतात. बोर्ड बदलला की ते ४८ आकडी किल्ली मागतं. मशीन चालू आहे तोवरच ती किल्ली कागदावर उतरवून ठेवा.

बोर्डच गेला हे कसं कळलं?

आमचं मशीन बटण दाबल्यावर दोन सेकंद पंखा फिरवायचं आणि गप्प व्हायचं. अशा वेळी सरळ बोर्ड विकत घ्यायचा नाही. स्वस्त वस्तू आधी तपासायच्या.

पहिली वायर आणि प्लग. मग बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, तो बदलला. मग रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या आणि एकेक करून लावून बघितली. मग दुसऱ्या मशीनचा चालू पॉवर सप्लाय जोडला. तरीही तेच. मग टेक्निशियनने बोर्ड बाहेर काढून उजेडात धरला. नेटची वायर जिथे लागते तिथे आणि प्रोसेसरच्या बाजूला हिरवट-पांढरा थर चढला होता, दोन पाय कुजलेले.

हा थर तुम्ही सगळे ओळखता. बोटीच्या बॅटरीच्या टोकांवर चढतो तोच प्रकार. खारी हवा धातूवर बसते, मीठ ओल ओढून घेतं, त्यातून वीज नको तिथे वाहते आणि तांबं खाल्लं जातं. पावसाळ्यात तर ओल मुबलक.

नवीन मशीन की नवीन बोर्ड?

पूर्ण नव्या मशीनला दुकानदाराने २९,५०० रुपये सांगितले. कमिटीने मंजूर केलेले होते ७,०००. पण फक्त पैसे नाहीत म्हणून दुरुस्ती केली असं नाही. लाकूडच कुजलं असेल तर त्या होडीत कुणी नवं इंजिन बसवत नाही. आमचा प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा आय३-८१०० आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर धरतात, आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणजे आमचं लाकूड अजून घट्ट होतं. तुमचा प्रोसेसर चौथ्या-पाचव्या पिढीचा असेल तर बोर्डावर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा.

फसायची जागा

इथे नीट वाचा. आमच्या प्रोसेसरचा सॉकेट एलजीए ११५१. एका दुकानात एच११० बोर्ड ७०० रुपयांनी स्वस्त मिळत होता. त्याचाही सॉकेट एलजीए ११५१. प्रोसेसर त्यात बसतो, पण चालत नाही, कारण तो बोर्ड सहाव्या आणि सातव्या पिढीसाठी आहे. आठव्या पिढीला एच३१० सारखा ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. म्हणून नुसतं सॉकेटचं नाव सांगू नका, प्रोसेसरचा पूर्ण नंबर सांगा.

रॅमचंही तसंच. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळी असते, एक दुसरीच्या जागी बसत नाही. आणि मोठ्या कंपन्यांच्या तयार डब्यांत बोर्डाचा आकार, पॉवरचा प्लग बऱ्याचदा त्यांचा स्वतःचा असतो. त्यात बाजारातला साधा बोर्ड बसेलच असं नाही. आमचा डबा जोडून घेतलेला होता, म्हणून सोपं गेलं.

जुना बोर्ड घेताना दुकानातच प्रोसेसर आणि रॅम लावून चालवून बघा. सॉकेटमधल्या बारीक पिना मोबाईलच्या टॉर्चने तपासा, एकही वाकलेली नको. बिलावर बोर्डाचा नंबर आणि वॉरंटी लिहून, शिक्का मारून घ्या. तोंडी वॉरंटीला अर्थ नाही.

विंडोजचा खर्चही आधी विचारा. मशीनबरोबर आलेलं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. आमचं दुसऱ्या प्रकारचं होतं, ते खर्च वाचले.

खर्च असा झाला

जुना एच३१० बोर्ड, तीन महिन्यांच्या लेखी वॉरंटीसह: ३,४०० रुपये
प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट: १५० रुपये
सेल: ५० रुपये
टेक्निशियनची मजुरी: ६०० रुपये
यूपीएसची नवी बॅटरी: १,१०० रुपये
एकूण: ५,३०० रुपये

उरलेले १,७०० रुपये परत जमा केले आहेत. बिलं ऑफिसात आहेत, कुणीही येऊन बघावीत.

पुढे काय काळजी घेणार?

मशीन जेटीकडच्या खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर ठेवलं आहे. पुढच्या बंदीतही ते रोज थोडा वेळ चालू ठेवू, कारण चालू मशीनच्या उबेने ओल कमी बसते. यूपीएसच्या प्लगचं अर्थिंग तपासून घेतलं. विजा कडाडायला लागल्या की पॉवरची आणि नेटची, दोन्ही वायरी काढायच्या, असा कागद भिंतीवर लावला आहे. दर शनिवारी हिशेबाची प्रत निघेल आणि ती ऑफिसाबाहेर ठेवली जाईल.

बोटमालकांनो, तुमच्या केबिनमधलं जीपीएस आणि फिश फाइंडर याच हवेत आहे, उलट जास्त खाऱ्या. बोट सुटण्याआधी त्यांचे प्लग काढून बघा. हिरवं दिसलं तर आत्ताच साफ करून घ्या, भर समुद्रात स्क्रीन काळी झाली तर तिथे टेक्निशियन येणार नाही.

आता एक विनंती. प्रत्येक सभासदाच्या बाकीचा कागद छापून तयार आहे. ३१ जुलैच्या आत ऑफिसात या, आपल्या पावत्यांशी ताडून बघा आणि बरोबर असेल तरच सही करा. घरचा माणूस कामावर असेल तर बायकांनी पासबुक घेऊन यावं, आम्ही बसून आकडा आकडा वाचून दाखवू.