अनेक संगणकांवरील ईमेल खात्यांचे व्यवस्थापन

घरातील एकापेक्षा अधिक संगणकांवर एक किंवा अनेक व्यक्तींची ईमेल खाती वापरताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: संदेशांची मूळ प्रत कोठे राहते आणि ती कोणाला दिसते. पहिली गोष्ट ईमेलच्या प्रोटोकॉलवर, तर दुसरी संगणकावरील वापरकर्ता खात्यांवर अवलंबून असते.

घरगुती जाळ्याची भूमिका

राउटर घरातील संगणकांना इंटरनेटशी जोडतो. कोणते ईमेल कोणत्या संगणकाकडे जावे, हे तो ठरवत नाही. थंडरबर्ड किंवा आउटलुक यांसारखा ईमेल प्रोग्राम सेवादात्याच्या सर्व्हरशी स्वतंत्रपणे संपर्क साधतो. त्यामुळे एकच खाते अनेक संगणकांवर, तसेच अनेक खाती एकाच संगणकावर वापरता येतात.

पॉप

पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल (पॉप) याची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. सध्या प्रचलित असलेल्या पॉप३ चे प्रमाण वर्णन १९९६ चे आहे. यात संदेश सर्व्हरवरून संगणकावर उतरवले जातात आणि त्यानंतर सर्व्हरवरील प्रत सामान्यतः पुसली जाते. एकच संगणक असल्यास ही पद्धत सोयीची ठरते. संगणक दोन असल्यास मात्र सकाळचे संदेश एका संगणकावर आणि सायंकाळचे दुसऱ्यावर, अशी पत्रव्यवहाराची विभागणी होऊ शकते.

‘संदेशाची प्रत सर्व्हरवर ठेवावी’ हा पर्याय निवडल्यास प्रत्येक संगणकाला सर्व संदेश मिळतात. तरीही वाचलेल्या संदेशांची खूण आणि पाठवलेले संदेश त्या-त्या संगणकापुरतेच राहतात.

आयमॅप

मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आयमॅप या प्रोटोकॉलची रचना केली. यात मूळ संदेश सर्व्हरवरच राहतात आणि संगणक त्यांचे प्रतिबिंब दाखवतो. संदेश वाचला, त्याला उत्तर दिले किंवा तो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला, तर त्याची नोंद सर्व्हरवर होते व ती इतर संगणकांवरही दिसते. म्हणून एकच खाते अनेक उपकरणांवर वापरण्यासाठी आयमॅप अधिक योग्य मानला जातो.

ईमेल पाठवण्याचे काम एसएमटीपी हा वेगळा प्रोटोकॉल करतो. त्यामुळे पाठवलेल्या संदेशाची प्रत सर्व्हरवरील फोल्डरमध्ये जतन होत आहे, याची खात्री करावी लागते.

सुरक्षित जोडणीसाठी आयमॅप ९९३ व पॉप३ ९९५ क्रमांकाचे पोर्ट वापरतो. त्यांचे जुने, मूलतः कूटबद्ध नसलेले पोर्ट अनुक्रमे १४३ व ११० हे आहेत.

खाती स्वतंत्र ठेवणे

ईमेल प्रोग्राममध्ये दोन व्यक्तींची खाती शेजारी-शेजारी जोडल्यास ती वेगळी दिसतात, पण खासगी राहत नाहीत; प्रोग्राम उघडणाऱ्याला दोन्ही वाचता येतात. यासाठी प्रत्येक व्यक्तीचे संगणकावरच स्वतंत्र वापरकर्ता खाते व पासवर्ड असणे आवश्यक असते. व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या व्यक्तीला मात्र इतरांच्या फाइल्स सहसा पाहता येतात.

ईमेल प्रोग्रामचे फोल्डर जाळ्यावर सामायिक करून दोन संगणकांवरून एकाच वेळी उघडणे टाळावे. दोन्ही संगणकांनी त्याच फाइल्समध्ये बदल केल्यास त्या बिघडू शकतात. समान संदेश दोन्हीकडे हवे असल्यास प्रत्येक संगणकावर आयमॅपने वेगळी जोडणी करणे उचित ठरते.

जतन व बॅकअप

आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावर पुसलेला संदेश सर्व्हरवरून आणि पर्यायाने इतर संगणकांवरूनही नाहीसा होतो. पॉप३ मध्ये सर्व्हरवर प्रत न ठेवल्यास संगणकाची हार्ड डिस्क निकामी होताच पत्रव्यवहार नष्ट होण्याचा धोका असतो. त्यामुळे कोणताही प्रोटोकॉल वापरला, तरी महत्त्वाच्या संदेशांची वेगळी प्रत बाह्य डिस्कवर ठेवणे आवश्यक असते. पॉप३ वरून आयमॅपकडे वळताना जुने खाते प्रोग्राममधून काढण्यापूर्वी, केवळ संगणकावर असलेले संदेश सर्व्हरवरील फोल्डरमध्ये हलवावे लागतात.