बिनबॅटरीचा रेडिओ : जुना क्रिस्टल संच जपा, सांभाळून ऐका



माळ्यावरची अडगळ काढताना कधी कधी एखादी लाकडी पेटी हाती लागते. वर काळी फळी, तांब्याच्या तारेचं वेटोळं, काचेच्या नळीत एक चमकता खडा आणि सोबत जड हेडफोन. ना बॅटरीची जागा, ना विजेची वायर. "हे काय कामाचं?" म्हणून ती पेटी भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. थांबा! तो जुना क्रिस्टल रेडिओ असू शकतो, आणि नीट जोडला तर आजही बोलू शकतो.

हा संच आला कुठून?

खनिजाच्या खड्याने रेडिओलहरी ओळखण्याचा शोध आपल्याच जगदीशचंद्र बोस यांचा. गॅलेना या खनिजाच्या अशा उपयोगाचे पेटंट त्यांना अमेरिकेत १९०४ साली मिळाले. पुढे १९२० नंतरच्या दशकात हे संच घरोघरी पोचले. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने १९२२ साली घरी संच कसा बनवावा याची पुस्तिका काढली. त्या सुमारास तिथे शेतकऱ्यांसाठी हवामान आणि बाजारभाव रेडिओवरून सांगायला सुरुवात झाली होती.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा, पल्ला सुमारे ४८ किलोमीटर. व्हॉल्व्हचा रेडिओ महाग, म्हणून केंद्राच्या जवळ राहणाऱ्यांना क्रिस्टल संचच परवडणारा.

बॅटरीशिवाय चालतो कसा?

केंद्राच्या लहरी एरियलच्या तारेवर आदळल्या की तारेत अगदी क्षीण वीज निर्माण होते. वेटोळ्यावरची सरकपट्टी हलवून आपण हवे ते केंद्र निवडतो. पण ही वीज सेकंदाला लाखो वेळा पुढे-मागे होते. हेडफोनच्या पडद्याला तेवढ्या वेगाने हलता येत नाही. इथे खडा कामाला येतो. पंपाचा फूट व्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. तसाच खडा विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. मग आवाजाचा चढउतार तेवढा उरतो आणि पडदा बोलू लागतो.

यातून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. आवाजाची सगळी ताकद तारेतून येते. म्हणून पेटी कितीही भारी असली, तरी एरियल आणि अर्थिंग नीट नसेल तर ती मुकीच राहणार.

जोडणी अशी करा

१. आधी साध्या ट्रान्झिस्टरवर दिवसा मीडियम वेव्ह लावून बघा. गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद झाले आहेत. एखादे केंद्र खणखणीत लागत असेल, तरच क्रिस्टल संचावर आशा धरा. एफ.एम. केंद्रे यावर ऐकण्याजोगी लागत नाहीत.

२. एरियलला २० ते ३० मीटर तांब्याची तार घ्या. ती ६ ते १० मीटर उंचीवर ताणा. दोन्ही टोकांना चिनीमातीचे इन्सुलेटर लावा. तार ओल्या फांदीला किंवा भिंतीला टेकता कामा नये.

३. अर्थिंगसाठी मीटर-दीड मीटर लांबीचा लोखंडी पाइप ओलाव्याच्या जागी ठोका. न्हाणीच्या पाण्याची जागा उत्तम. घरच्या विजेचं किंवा मोटारीचं अर्थिंग वापरू नका.

४. खड्यावर एक बारीक तार टेकलेली असते. तिला इंग्रजीत "मांजराची मिशी" म्हणत. ती अलगद उचलून खड्यावर जागा बदलत राहा. प्रत्येक जागा चालतेच असं नाही. घाई नको, दाबूही नका.

आवाज येत नसेल तर?

मिशी उचलून ठेवा आणि खड्याच्या दोन टोकांना ओए ७९ सारखा जर्मेनियम डायोड जोडा. आवाज आला तर दोष खड्याचा किंवा मिशीचा. नाही आला तर एरियल, अर्थिंग, वेटोळे आणि हेडफोन तपासा. मोबाईलचे इअरफोन इथे चालत नाहीत. त्यांचा रोध १६ किंवा ३२ ओहम असतो. जुन्या हेडफोनच्या जोडीचा साधारण ४००० ओहम असतो. एवढ्या कमी रोधाच्या इअरफोनमधून या क्षीण विजेचा आवाज निघत नाही.

विजेपासून सांभाळा, हे सर्वांत महत्त्वाचे

जी उंच तार आवाज आणते, तीच आकाशातली वीज घरात आणू शकते. म्हणून वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत तार ताणून ठेवू नका. ऐकून झालं की बैलगाडीचे दोर गुंडाळावे तशी ती उतरवून ठेवा. ढग भरायच्या आधीच हे काम उरका. गडगडाट ऐकू आल्यावर तारेला हात लावायचा नाही आणि हेडफोन कानाला लावायचा नाही. महावितरणच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून एरियल कधीच नेऊ नका. खांबाला बांधण्याचा तर विचारही नको.

संच जपायचा कसा?

• खड्याला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तो काम सोडतो. मऊ ब्रश आणि थोड्या स्पिरिटने पुसा. गॅलेना हे शिशाचे खनिज आहे. हात धुवा, लहान पोरांच्या हाती देऊ नका.

• खडा बहुधा अशा मिश्रधातूत बसवलेला असतो, जो ७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. त्याला गरम पाणी किंवा डाग देण्याची कावी लावलीत तर खडा निघालाच म्हणून समजा.

• पेटीला नवं पॉलिश, रंग किंवा व्हार्निश लावू नका. कोरड्या फडक्याने धूळ झटका. काळी एबोनाइटची फळी उन्हात तपकिरी पडते, म्हणून सावलीत ठेवा.

• सुती आवरणाची जुनी तार काढून प्लास्टिकची घालू नका. वर चिकटवलेली चिठ्ठी आणि कारखान्याचा शिक्का तसाच राहू द्या.

जुना की नवा, ओळखा कसा?

ब्रिटिश संचावर गोल "बी.बी.सी." शिक्का असेल तर तो बहुधा १९२२ ते १९२४ मधला. अधिक चिन्हाचे स्क्रू १९३० नंतरच्या दशकातले, जर्मेनियम डायोड १९४० नंतरच्या दशकातला. हे दिसलं तर संच नंतरचा आहे किंवा त्यात दुरुस्ती झाली आहे. विकत घेणाऱ्याने हे आधी बघावे. विकणाऱ्यानेही घाईत भंगाराच्या भावात देऊ नये.

शेवटी एक काम जरूर करा. घरातल्या जाणत्या माणसांना विचारा, हा संच कोणी आणला, कुठून आणला, कुठले केंद्र ऐकत. ते कागदावर लिहून पेटीत ठेवा. पेटी पुन्हा दुरुस्त करता येते. ती माणसं गेली की ती माहिती मात्र कुठल्याच केंद्रावरून पुन्हा ऐकायला मिळत नाही.