फुगायचं विसरलेली काच

१९५३ साल. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाचं एक गाव आहे, काचेच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टूकी नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी काचेची एक पट्टी भट्टीत ठेवली आणि भट्टी ६०० अंश सेल्सिअसवर लावली. पण नेमका भट्टीचा नियंत्रक बिघडला आणि भट्टी तापत तापत ९०० अंशांवर गेली. स्टूकींना वाटलं, संपलं! काच वितळून भट्टीभर पसरली असणार. दार उघडून बघतात तर काय, पट्टी जशीच्या तशी. फक्त रंग बदललेला, पांढराशुभ्र, आरपार काही दिसेना. चिमट्याने ती बाहेर काढताना निसटली आणि जमिनीवर पडली.

आता सांगा बघू, काच फरशीवर पडली की काय होतं? खळ्ळकन फुटते, आणि मग घरात सगळे ओरडतात, "कोणी हलू नका, चपला घाला!" ही पट्टी मात्र फुटली नाही. धातूचा तुकडा पडावा तसा ठण्ण आवाज झाला आणि ती अख्खीच्या अख्खी राहिली.

त्या ठण्णमधून एक नवा पदार्थ जगाला मिळाला. त्याला म्हणतात काच-सिरॅमिक. १९५८ साली त्याची स्वयंपाकाची भांडी बाजारात आली. पुढे १९७१ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या शॉट या काच कंपनीने त्याचा सपाट पत्रा करून थेट शेगडीवर बसवला. तीच सिरॅमिक हॉब, म्हणजे काचेची शेगडी. तुमची आत्या जर्मनीत किंवा मामा लंडनला राहत असेल, तर व्हिडिओ कॉलवर त्यांच्या ओट्यावर तुम्ही ती पाहिलीही असेल. काळी, गुळगुळीत, वर नुसती गोल वर्तुळं. बर्नर नाही, ज्योत नाही. आपल्याकडच्या इंडक्शन शेगडीचा वरचा काळा भागसुद्धा बहुतेक याच जातीच्या काचेचा असतो.

पण काच आणि शेगडीवर? ती तडकत कशी नाही?

आधी साधी काच का तडकते ते बघू. काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला की आतली बाजू लगेच तापते आणि फुगते. बाहेरची बाजू अजून गारच असते, तिला फुगायचं नसतं. या ओढाताणीत पेला तडकतो. हे फुगणं किती असतं? एक मीटर लांबीची साध्या काचेची पट्टी १०० अंशांनी तापवली, तर ती जवळजवळ ०.९ मिलिमीटर लांब होते. एवढंसं! पण काचेला तेवढं पुरतं, कारण ती रबरासारखी ताणली जात नाही.

शेगडीची काच या बाबतीत भलतीच हुशार आहे. ती तयार करताना आधी काच वितळवून लाटतात आणि तिचा साधारण ४ मिलिमीटर जाडीचा पत्रा करतात. त्या काचेत टायटॅनियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडं मिसळलेली असतात. मग तो पत्रा पुन्हा बेताबेताने तापवतात. या वेळी काचेच्या पोटात अगणित बारीक स्फटिक तयार होऊ लागतात. एकेक स्फटिक साधारण ५० नॅनोमीटरचा. तुमच्या केसाच्या जाडीत असे हजार-दीड हजार स्फटिक शेजारी शेजारी मावतील! आणि या स्फटिकांचा स्वभाव उलटा असतो. तापले की ते फुगत नाहीत, थोडे आक्रसतात. त्यांच्या मधली काच मात्र नेहमीसारखी फुगू बघते. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारख्याच ताकदीचे असले की दोर जागचा हलत नाही ना? तसंच इथे होतं. काच जेवढी फुगते तेवढेच स्फटिक आक्रसतात आणि पत्रा आहे तेवढाच राहतो. म्हणून त्याचा एक भाग लालभडक तापलेला आणि शेजारचा भाग गार, असं असलं तरी ओढाताण होतच नाही.

मला या काचेचं आणखी एका कारणासाठी फार कौतुक वाटतं. हिचंच एक भावंड आकाश बघतं. चिलीमध्ये पारानाल नावाच्या डोंगरावर चार प्रचंड दुर्बिणी आहेत. त्यांतल्या प्रत्येकीचा मुख्य आरसा ८.२ मीटर रुंद आहे आणि तो अशाच न फुगणाऱ्या काच-सिरॅमिकचा आहे. दिवसा ऊन आणि रात्री थंडी असली तरी आरशाचा आकार बदलून चालत नाही, नाहीतर तारे अंधुक दिसतील. तो आरसाही माइन्झच्या त्याच कंपनीने ओतला आहे. पारानालच्या खगोलशास्त्रज्ञांचं काम आणि आत्याचं वरण शिजणं, दोन्ही एकाच करामतीवर चाललं आहे!

आता शेगडीच्या आत डोकावू. काचेखाली धातूच्या पातळ पट्टीची वेटोळी असतात. वीज सुरू झाली की ती तापून लाल होतात आणि त्यांच्यातून अवरक्त किरण निघतात. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची धग जाणवते. काळ्या काचेतून ते सहज वर जातात आणि भांड्याचं बूड तापवतात. काच मात्र स्वतःतून उष्णता आडवी फारशी पसरू देत नाही, म्हणून वर्तुळाच्या बाहेरचा भाग बराच गार राहतो. इंडक्शनचं तंत्र वेगळं. तिच्यात काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ते चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरू लागते. भांडं स्वतःच तापतं, आणि मग त्या भांड्यामुळे काच तापते.

इथे नीट लक्ष द्या. गॅसची शेगडी आपल्याशी बोलते. निळी ज्योत दिसते, फुस्स आवाज येतो, बंद केली की ज्योत जाते. काचेची शेगडी गप्प असते. सुरू असताना तिच्या काचेचा तापलेला भाग ५०० अंशांच्याही वर जाऊ शकतो, आणि बंद केल्यावर काही क्षणांत ती पुन्हा काळी दिसू लागते. दिसायला गार, पण हात लावला तर फोड! आणखी एक गंमत, म्हणजे खरं तर धोका. आच मंद ठेवली की ही शेगडी वेटोळ्याची वीज मधून मधून बंद करते आणि पुन्हा सुरू करते. त्यामुळे शेगडी चालू असतानासुद्धा मधूनच लाली नाहीशी होते. लाल दिसत नाही म्हणून ती बंद आहे असं समजायचं नाही.

मग कळणार कसं? त्यासाठी शेगडीवर एक छोटा दिवा असतो. काहींवर लाल ठिपका, काहींवर इंग्रजी 'एच' अक्षर. काच साधारण ५० ते ६० अंशांच्या खाली येईपर्यंत तो दिवा तेवत राहतो. त्याला कधी कधी अर्धा तासही लागतो. दिवा आहे तोवर त्या काचेला हात लावायचा नाही, तिच्यावर वर्तमानपत्र, फडकं, प्लॅस्टिकचा डबा काहीही ठेवायचं नाही. आणि आपल्याकडे वीज जाते ना? वीज गेली की तो दिवाही जातो, पण काच गरमच राहते. दिवे गेल्यावर अंधारात ओट्यावर काही चाचपडत शोधणार असाल, तर शेगडीपासून हात लांब.

आता गुळाकडे वळू. संक्रांतीच्या तिळगुळाचा पाक उकळून या काचेवर सांडला, तर काय होतं ठाऊक आहे? पाक काचेला घट्ट चिकटतो. गार होताना तो आक्रसतो. पण काच? तिने तर फुगणं-आक्रसणं सोडूनच दिलंय! ती जागची हलत नाही, आणि आक्रसणारा पाक तिच्या अंगाचे बारीक टवके उपटून काढतो. काचेवर कायमचे खड्डे पडतात. ज्या गुणामुळे ती आगीपुढे टिकते, त्याच गुणामुळे साखरेपुढे हार मानते. म्हणून साखरांबा, चिक्की, पाक असलं काही सांडलं तर तुम्ही फक्त मोठ्याने हाक मारायची. पुसायला जायचं नाही, कारण उकळता पाक बोटाला चिकटला की सुटत नाही आणि खोल भाजतं. मोठी माणसं आच बंद करून, जाड हातमोजा घालून, लांब मुठीच्या ब्लेडच्या पट्टीने पाक गरम असतानाच खरवडून घेतात. प्लॅस्टिक किंवा अॅल्युमिनियमचा कागद वितळून चिकटला तरी हेच करायचं. दूध उतू गेलं तर एवढी घाई नाही, काच गार झाल्यावर पुसलं तरी चालतं.

दुसरा शत्रू म्हणजे टोकदार आघात. वरणाने भरलेलं मोठं पातेलं हळूच ठेवलं तर काचेला काही होत नाही, कारण वजन बुडाभर वाटलं जातं. पण वरच्या फडताळातून मिरपुडीची छोटी बाटली काठावर पडली, की सगळा जोर एका ठिपक्यावर येतो आणि काच तडकू शकते. तडा केसाएवढा असला तरी शेगडी भिंतीतल्या मुख्य बटणापासून बंद करायची आणि वापरायची नाही. फटीतून पाणी आत झिरपलं तर शॉक बसू शकतो.

भांडी सपाट बुडाची हवीत. गोल बुडाची कढई मधेच टेकते, बाकी उष्णता वाया जाते. भांडं ओढायचं नाही, उचलून ठेवायचं, बुडाला वाळूचा कण असेल तर ओरखडा पडतो. पातेल्याची मूठ ओट्याच्या आत वळवलेली असावी, म्हणजे धावताना कोणाचा धक्का लागत नाही. आणि हो, हिच्यावर वांगं भाजता येत नाही. परदेशातली मराठी माणसं भरताचं वांगं ओव्हनमध्ये भाजतात. धुराचा वास तसा येत नाही, पण भरीत होतं.

आता मांजरांची गोष्ट! दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथल्या अग्निशमन विभागाने जानेवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२१ या काळात मांजरांमुळे घरांना लागलेल्या आगी मोजल्या. आकडा निघाला १०७. मांजरं ओट्यावर उड्या मारत आणि विजेच्या शेगडीचं स्पर्शाचं बटण पंजाखाली येई. ही बटणं दाबावी लागत नाहीत. काचेखाली अतिशय सौम्य विद्युत क्षेत्र असतं आणि बोट जवळ आलं की ते बदलतं, कारण आपल्या शरीरातून वीज वाहू शकते. मांजराच्या पंजाची गादीही ओलसर असते, त्यामुळे शेगडीला बोट आणि पंजा यांतला फरक कळत नाही. ओल्या फडक्यानेही कधी कधी बटण लागतं. त्यासाठी बहुतेक शेगड्यांवर कुलपाची सोय असते, किल्लीचं किंवा कुलपाचं छोटं चित्र बघा. घरात मांजर असो की रांगणारं बाळ, स्वयंपाक झाला की कुलूप लावायचं आणि शेगडीवर काहीही ठेवून जायचं नाही.

कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी कधीच टाकू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल सगळीकडे उडतं. तुम्ही लगेच बाहेर पडून मोठ्यांना बोलवा. ते आच बंद करतील आणि घट्ट झाकण ठेवतील.

कोणाला भाजलंच, तर हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ यांतलं काहीही लावायचं नाही. आज्जी प्रेमाने लावायला आली तरी तिला सांगा, आधी नळ! भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचा. अंगठी, बांगडी सूज येण्याआधीच काढायची. फोड फोडायचा नाही. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून डॉक्टरांना दाखवायचं.

शेवटी दोन प्रयोग, दोन्ही मोठ्यांना सांगून करायचे. पहिला: फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि घरातल्या रिकाम्या, गार भांड्यांच्या बुडांना लावून बघा. ज्याला चिकटेल ते भांडं इंडक्शनवर चालेल. तांब्याचं आणि अॅल्युमिनियमचं साधं पातेलं चालणार नाही. दुसरा प्रयोग काचेची शेगडी असलेल्यांसाठी: स्वयंपाक संपून शेगडी बंद झाली की घड्याळ लावा आणि गरम काचेचा दिवा विझायला किती वेळ लागतो ते लांबूनच मोजा. लहान वर्तुळ आणि मोठं वर्तुळ, चहा झाल्यावर आणि तासभर राजमा शिजल्यावर, असे वेगवेगळे आकडे वहीत लिहा. ज्यांच्याकडे अशी शेगडी नाही त्यांनी आत्याकडून किंवा मामाकडून मोजून घ्यावं. तुमचे आकडे आम्हाला जरूर कळवा. आणि आजच वरच्या फडताळात बघा: शेगडीच्या बरोबर डोक्यावर मसाल्याच्या बाटल्या असतील, तर त्या आईबाबांना दुसरीकडे हलवायला सांगा.