बंडखोर गवयांची नवी पिढी

अमेरिकेत ‘आउटलॉ कंट्री’ नावाचा गाण्याचा एक प्रकार आहे. आउटलॉ म्हणजे फरारी, दरोडेखोर. पण मंडळी, हे गवई कुणाला लुटीत नाहीत बरं का! त्यांचं भांडण आहे ते गाण्याच्या व्यापाऱ्यांशी.

‘कंट्री’ हे तिकडच्या खेड्यापाड्यांतले गाणे. त्याची पेठ नॅशव्हिल शहरात. ध्वनिमुद्रणाला साथ कोणी करायची, चाल कशी सजवायची, हे तिथे कंपनी ठरवी. वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन यांनी ‘गाणे आमचे, साथीदारही आमचेच’ असा हट्ट धरला. त्यांच्या व दोन सोबत्यांच्या गाण्यांचा १९७६ सालचा संग्रह दहा लाखांवर खपला.

आता नवी पिढी पाहा. केंटकीच्या स्टर्जिल सिम्प्सनला २०१७ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तरी त्याच वर्षी नॅशव्हिलच्या पुरस्कार-समारंभाला तो पाहुणा नव्हता; बाहेर रस्त्यावर गात होता.

मार्गो प्राइस ही इलिनॉयमधल्या शेतकऱ्याची मुलगी. ती लहान असतानाच घरची शेती गेली. ध्वनिमुद्रणासाठी नवराबायकोने मोटार विकली, लग्नाची अंगठी गहाण टाकली. २०१६ साली निघालेल्या त्या संग्रहात तिने गेलेल्या जमिनीचे दुःख गाइले. ते कुणाला विचारून गाइले नाही, हीच तिची बंडखोरी.

नेल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अडचणीतल्या शेतकऱ्यांसाठी १९८५ साली ‘फार्म एड’ हा जलसा सुरू केला. २०२१ साली मार्गो त्याच संस्थेच्या संचालक मंडळावर गेली.