पावसाळ्यात न अडणारं कपाटाचं दार

सागवान हवेतला दमटपणा पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून चौकटीच्या दारात मधली फळी खाचेत नुसती सरकवायची, फेविकॉल लावायचा नाही. दोन्ही कडांना थोडी जागा सोडायची. ही सुटी फळी मला सुतारकामातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते! पॉलिश मात्र फळी बसवण्याआधीच करा, नाहीतर उन्हाळ्यात ती आकसली की कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते.

दार उन्हाळ्यात बसवत असाल तर उघडत्या बाजूला २ मिलिमीटर फट हवीच. बिजागरीला आधी एकेकच स्क्रू मारा, दार उघडून-मिटून बघा, मग बाकीचे. पितळी स्क्रू असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा. कठीण लाकडात पितळ मान टाकतं.