पालखीत रूपं लागताना

कोकणातली ग्रामदेवता वर्षभर देवळात बसते आणि शिमग्यात गावकऱ्यांच्या दारी येते. देवळाची बांधणी, रोजची पूजा, मानकऱ्यांची वाटणी या सगळ्यामागे ही एक भेट असते. मिरजोळ्यासारख्या गावात ती जवळून पाहावी.

रत्नागिरी शहराला चिकटलेलं हे गाव. एमआयडीसीमुळे बाहेरच्यांना त्याचं नाव ठाऊक झालं, पण मूळचं ते कातळाचं, आंबा-काजूचं आणि वाड्यावाड्यांचं. या पट्ट्यातल्या ग्रामदेवतांच्या देवळांचा आरंभ सहसा एखाद्या शिलालेखात सापडत नाही. आधी राईतला पाषाण, मग त्यावर गवताचं छप्पर, पुढे नळ्याची कौलं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि किनाऱ्याच्या गावोगावी मंगळुरी कौलं चढली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलायचा, तर छप्पर उतरतंच हवं.

भिंती जांभ्याच्या. खाणीतून काढलेला चिरा ताजा असताना तासता येतो, हवा लागली की कडक होत जातो. मात्र दगड भोकाभोकांचा, त्यावर नाजूक नक्षी उठत नाही. कसब्याच्या कर्णेश्वर मंदिरासारखं कोरीव काम काळ्या पाषाणातच शोभतं. इथल्या सुतारांनी आपली कला खांबांत आणि तुळयांत ओतली. गाभारा लहान, अंधारा. सभामंडप मात्र ऐसपैस, कडेने कट्टे. कारण गावकी इथेच बसते, गाऱ्हाणं इथेच घातलं जातं. पाषाणाला पाण्याने कळ्या चिकटवून कौल लावला की सगळ्यांचे डोळे तिकडे लागतात. उजवी कळी सुटली की काम मार्गी लागलं.

याच मंडपात पालखीला रूपं लागतात. रूपं म्हणजे देवतांचे धातूचे मुखवटे. पाषाण जागचा हलत नाही. गावात फिरतात ती रूपं. पेटी उघडली जाते, चांदीची रूपं रिठ्याच्या पाण्याने उजळतात, मऊ फडक्याने कोरडी होतात. पालखीत गादी, तिच्यावर फळी. मग एकेक रूप ठरलेल्या जागी. कोण मधे, कोण डाव्या अंगाला, हे कुठे लिहिलेलं नसतं. गुरवाच्या आणि जुन्या मानकऱ्यांच्या हातांना ते पाठ असतं. रूपामागून नाडा घेऊन फळीखालून ओढायचा, दोन फेरे द्यायचे, गाठ मागे दडवायची. मग साडीच्या चुण्या अशा घालायच्या की नाडा दिसू नये. अंगावर दागिने, वर अबोलीचे वळेसर आणि त्या दिवसांत फुललेली सुरंगी. तिच्या वासाने मंडप भरून जातो.

"वाईच घट्ट ओढ रे बाबू," एक म्हातारे मानकरी तरुणाला सांगत होते, "पोरं नाचवतील तेव्हा देवी हलता नये."

नंतर त्यांनी दांडा धरून पालखी दोन्ही अंगांना हिसडली. एक रूप जरासं कलंडलं. चुण्या सोडल्या, गाठ पुन्हा बांधली. एवढी काळजी का, ते पालखी बाहेर पडल्यावर कळतं. ढोल-ताशा टिपेला गेला की ती खांद्यावरून डोक्यावर जाते, गरगर फिरते. कुठे जमिनीत पुरलेली खूण शोधून काढायला पालखी अंगणभर धावते. दाराशी आली की घरची बाई ओटी भरते, गुरव घराचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालतो. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेला चाकरमानी त्या एका गाऱ्हाण्यासाठी रजा टाकून आलेला असतो. रत्नागिरीच्या बारा वाड्यांच्या भैरीची पालखी निघते तेव्हा तर रस्त्यात पाय ठेवायला जागा उरत नाही.

या व्यवस्थेची दुखरी बाजूही मोठी आहे. दांड्याला पहिला खांदा कुणाचा, पालखी आधी कुणाच्या दारी, यावरून गावं दुभंगली आहेत, पालख्या बंद पडल्या आहेत. कित्येकांना तर देवळाच्या पायरीवरच थांबवलं गेलं. याच रत्नागिरीत १९३१ साली सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभं राहिलं ते सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून. गावदेवळांनी तो धडा अजून पुरता गिरवलेला नाही.

मानावरून होणारी ही भांडणं पाहिली की मला मानकऱ्यांनी बांधलेल्या त्या गाठीचं मोल वाटतं. ज्याला मान आहे त्याने नाडा ओढायचा, दांडा तपासायचा, रात्रभर पालखीसोबत चालायचं. हक्काबरोबर अंगमेहनत येते तोवर मान गावाच्या उपयोगाचा; नुसता हक्क उरला की भांडण. आज ही गाठ येणारे हात थकले आहेत आणि पुढची पिढी कारखान्याच्या पाळीत नाहीतर मुंबईत आहे. देवळाला नवी फरशी, स्लॅब, रोषणाई यासाठी वर्गणी चटकन गोळा होते. तेवढ्याच हौसेने शिमग्याआधी चार दिवस मंडपात पोरापोरींना बसवावं, घराणं न विचारता. रूप कसं धरायचं, नाडा कुठून घ्यायचा, चुण्या कशा घालायच्या, हे ज्याला शिकायचं आहे त्याला शिकवावं. छप्पर पुन्हा शाकारता येतं. हातांतली विद्या एकदा गेली की वर्गणी काढून परत येत नाही.