फळ्याकडे तोंड

सातारा-सांगलीतल्या बी.एड.च्या मुलांशी बोलायला जाते, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : “ताई, भरल्या वर्गात असं मूल सांभाळायचं कसं?” बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले, समावेशक शाळेचा विषय अभ्यासक्रमात आला. २०१६ च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मुलांना तोंडपाठ असतात. कणव वाढते, धास्ती मात्र राहतेच.

जावळीतल्या एका सराव पाठाला आपल्या कातकरी वस्तीवरची, ओठ वाचून समजून घेणारी मुलगी होती. छात्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलत होता. मी खुणावले. दुसऱ्या दिवशी त्याने आधी लिहिले, मग वळून विचारले. तिने हात वर केला. “एवढंच होतं होय!” तो म्हणाला.

आता व्याख्यानाचे बोलावणे आले की मी प्राचार्यांना म्हणते, आधी मुलांना एक दिवस अशा वर्गात बसवा.